गोळी तीच, पण वय आणि वेळ वेगळी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे '१-०-१' असे आकडे लिहिलेले असतात. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हा त्यांचा अर्थ देशभरातील रुग्णांना आणि औषध दुकानदारांना ठाऊक आहे. मात्र हे आकडे केवळ सोयीसाठी लिहिलेले नसतात. पोटात गेलेली गोळी किती वेगाने रक्तात उतरते, तेथे किती काळ राहते आणि शरीराबाहेर कधी पडते, हे रुग्णाच्या वयानुसार बदलते. काही औषधांच्या बाबतीत ते दिवसाच्या प्रहरानुसारही बदलते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील वयाचे १० कोटींहून अधिक नागरिक होते. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, सांधेदुखी अशा दुखण्यांसाठी रोज पाच-सहा गोळ्या घेणारे वृद्ध आज अनेक घरांत आढळतात. नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेल्या मुलांकडे पुणे, सांगली किंवा बेळगावहून येणाऱ्या आई-वडिलांच्या सामानात गोळ्यांचा डबा हमखास असतो. घर बदलले की जेवणाची आणि झोपेची वेळ बदलते आणि तिच्याबरोबर गोळीचीही वेळ सरकते. त्याने काही बिघडते का, हा प्रश्न त्यामुळे साधा राहत नाही. या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या 'शरीरातील घड्याळा'विषयीचे एक महत्त्वाचे संशोधन बंगळुरूमध्येच झाले आहे.

सहाशे पिढ्यांनंतरही चालू राहिलेले घड्याळ

बंगळुरूच्या उत्तरेस जक्कूर येथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रातील संशोधकांनी १९९९ मध्ये फळमाश्यांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या या बारीक माश्या एरवी पहाटेच्या सुमारास कोशातून बाहेर पडतात. प्रयोगातील माश्यांच्या मात्र सलग ६०० पिढ्या अखंड प्रकाशात आणि स्थिर तापमानात वाढवण्यात आल्या होत्या. त्यांनी ना दिवस पाहिला होता, ना रात्र. तरीही चाचणी घेतली असता कोशातून बाहेर पडण्याची त्यांची सुमारे २४ तासांची लय टिकून असल्याचे आढळले. हे घड्याळ सूर्याकडे पाहून शिकलेले नसून ते जन्मजात असते, याचा हा सबळ पुरावा होता.

या संशोधनात सहभागी असलेले प्रा. एम. के. चंद्रशेखरन (१९३७-२००९) हे भारतातील कालजीवशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक होते. बंगळुरूला येण्यापूर्वी मदुराई कामराज विद्यापीठात त्यांनी अंधाऱ्या गुहांमधील वटवाघळांच्या दिनक्रमाचा अभ्यास केला होता. घड्याळ आणि उजेडाची चाहूल नसलेल्या बंद खोलीत राहणाऱ्या माणसांच्या झोपेचा अभ्यासही तेथे करण्यात आला.

फळमाशीतील हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसातही अशीच यंत्रणा असते. मेंदूच्या तळाशी असलेला सुमारे २० हजार पेशींचा पुंजका डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशाच्या आधारे शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. यकृत, आतडी, मूत्रपिंड यांची आपापली घड्याळे असतात. यकृताचे घड्याळ प्रकाशाइतकेच जेवणाच्या वेळेलाही जुमानते. उशिरा जेवणे आणि उशिरा झोपणे यांचा औषधाशी संबंध येतो तो येथे.

२०१४ मध्ये अमेरिकेत उंदरांच्या १२ अवयवांचा अभ्यास करण्यात आला. प्रथिने तयार करणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ४३ टक्के जनुकांचे काम कोणत्या ना कोणत्या अवयवात दिवसाच्या लयीप्रमाणे कमी-अधिक होते, असे त्यात दिसून आले. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या १०० औषधांपैकी ५६ औषधांचे लक्ष्य अशा जनुकांशी निगडित होते. अर्थात, उंदरांमधील हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

गोळीचा प्रवास आणि दिवसाचा प्रहर

तोंडावाटे घेतलेल्या गोळीचे चार टप्पे असतात. प्रथम ती जठरात विरघळते व लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते. त्यानंतर ती शरीरभर पसरते. यकृतातील विकरे तिचे विघटन करतात. शेवटी उरलेले अंश मुख्यतः मूत्रपिंडांमार्फत किंवा पित्तावाटे बाहेर टाकले जातात. या चारही टप्प्यांवर दिवसाच्या वेळेचा काही ना काही परिणाम होतो.

बहुतेक औषधे जठरातून नव्हे, तर लहान आतड्यातून शोषली जातात. त्यामुळे जठर किती लवकर रिकामे होते, यावर शोषणाचा वेग ठरतो. घन आहारानंतर जठर रिकामे होण्यास सकाळपेक्षा रात्री बराच अधिक वेळ लागतो. आतड्याचा रक्तपुरवठा आणि हालचालही दिवसा अधिक असते. परिणामी स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणारी काही औषधे सकाळी घेतल्यास त्यांची रक्तातील पातळी अधिक लवकर वाढते. जठरातील आम्लाचे प्रमाण याउलट रात्री उशिरा ते मध्यरात्रीच्या सुमारास सर्वाधिक असते. मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम दिवसा वेगाने व रात्री मंद गतीने चालते.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. शोषणाचा वेग बदलला म्हणजे शोषलेल्या औषधाचे एकूण प्रमाण बदललेच असे नाही. रात्री घेतलेली गोळी तासाभराने उशिरा रक्तात उतरली, तरी अखेरीस जवळपास तितकीच उतरू शकते. डोकेदुखीच्या गोळीबाबत हा उशीर जाणवेल. वर्षानुवर्षे रोज घ्यायच्या आणि शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीबाबत तो बहुधा जाणवणारही नाही.

तान्ह्या बाळाचे शरीर म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

वयाचा परिणाम आयुष्याच्या दोन्ही टोकांना सर्वाधिक दिसतो. नवजात बाळाच्या जठरात आम्ल अत्यल्प असते. त्यामुळे आम्लात नष्ट होणारी पेनिसिलिनसारखी औषधे त्याच्या शरीरात प्रौढांच्या तुलनेत अधिक शोषली जातात. जठर सावकाश रिकामे होत असल्याने इतर अनेक औषधांना मात्र उशीर लागतो. त्वचा पातळ असल्याने अंगाला चोळलेले मलमही मोठ्या प्रमाणात रक्तात जाऊ शकते. बाळाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे पूर्णपणे परिपक्व झालेली नसतात. दिवस-रात्रीची लयही जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनी आकार घेऊ लागते.

हे समजण्यासाठी वैद्यकशास्त्राला मोठी किंमत मोजावी लागली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक दिलेली काही नवजात बालके राखाडी पडून दगावल्याचे निदर्शनास आले. या औषधाचे विघटन करण्याची क्षमता त्यांच्या यकृतात तयार झालेली नव्हती. त्यामुळे ते रक्तात साचत गेले. 'ग्रे बेबी सिंड्रोम' या नावाने ही घटना आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

पुढे चित्र उलटे होते. साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांचे यकृत काही औषधांचे विघटन प्रौढांपेक्षाही वेगाने करते. त्यामुळे दर किलो वजनामागे त्यांना अशा औषधांची मात्रा अधिक लागते. 'मोठ्यांची अर्धी गोळी मुलाला' हा घरगुती हिशेब म्हणूनच फसवा ठरतो. मुलांची मात्रा वजनानुसार ठरवली जाते. पातळ औषध स्वयंपाकघरातील चमच्याने न देता बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्यावे, असे डॉक्टर सांगतात, ते याच कारणासाठी.

वार्धक्यात औषध येते, पण लवकर जात नाही

म्हातारपणी पचन मंदावते, म्हणून औषध 'अंगाला लागत नाही', असा समज सर्वत्र आढळतो. संशोधनाचे निष्कर्ष नेमके उलट दिशेने जातात. वयानुसार सर्वांत कमी बदलतो तो शोषणाचा टप्पा. निरोगी वृद्धात बहुतेक गोळ्या थोड्या सावकाश, पण जवळपास पूर्ण शोषल्या जातात. कॅल्शियम, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण मात्र अनेक वृद्धांत कमी होते. जठराच्या अस्तराची झीज झालेली असल्यास किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ चालू असल्यास ही शक्यता वाढते.

मोठे बदल पुढील तीन टप्प्यांत होतात. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, स्नायू कमी होतात आणि चरबीचा वाटा वाढतो. चरबीत साठणारी औषधे त्यामुळे अधिक काळ मुक्काम करतात. झोपेसाठी व चिंतेसाठी दिले जाणारे डायझेपाम हे त्याचे परिचित उदाहरण आहे. रक्तातील त्याची पातळी निम्म्यावर येण्यास विशीतील व्यक्तीत सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरातील व्यक्तीत सुमारे ९० तास लागतात, असे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी दुपारीही राहतो. पुढच्या रात्रीची गोळी त्यात भर घालते. काही दिवसांनी आजोबांचा तोल जातो, बोलण्यात विसंगती येते आणि घरातील मंडळी ते वयाचे लक्षण मानतात.

यकृताचा आकार आणि त्यातील रक्तप्रवाह वयानुसार कमी होतो. आतड्यातून आलेल्या औषधाचा मोठा भाग यकृतातच अडवला जाण्याची क्रिया त्यामुळे दुबळी होते. प्रोप्रॅनोलॉल, व्हेरापामिल यांसारखी औषधे म्हणूनच त्याच मात्रेत वृद्धाच्या रक्तात अधिक प्रमाणात पोहोचतात.

मूत्रपिंडांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तो सहज दिसत नाही. चाळिशीनंतर त्यांची गाळण्याची क्षमता सरासरीने हळूहळू घटत जाते. ही घट सर्वांत सारखी नसते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झालेल्या दीर्घ अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींत ती वर्षानुवर्षे आढळलीच नाही. केवळ वयाचा आकडा पाहून मात्रा ठरवता येत नाही, ती यामुळेच. रक्तातील क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडांची स्थिती पाहिली जाते. परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू झिजलेल्या कृश वृद्धेचे क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसते आणि तिची मूत्रपिंडे मात्र निम्म्या क्षमतेने काम करत असतात. म्हणून वय आणि लिंग, तसेच सूत्रानुसार वजन, यांचा हिशेब करून गाळण्याची क्षमता काढली जाते. हृदयविकारावरील डिगॉक्सिन, मधुमेहावरील मेटफॉर्मिन यांसारख्या औषधांची मात्रा या आकड्यावरून ठरते.

वृद्धांसाठी कोणती औषधे टाळावीत, याची पहिली प्रसिद्ध यादी अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये तयार झाली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. डायझेपामप्रमाणेच मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइडबाबतही त्या सावधगिरीचा इशारा देतात. हे औषध शरीरात रेंगाळते. अशा गोळीनंतर एकादशीच्या उपवासामुळे वा प्रवासामुळे जेवण चुकले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. येथे वय आणि वेळ हे दोन्ही घटक एकत्र येतात.

रक्तदाबाची गोळी सकाळी की रात्री?

वेळेविषयीची सर्वाधिक चर्चा रक्तदाबाच्या गोळीवरून झाली. रक्तदाब झोपेत उतरतो आणि पहाटे वर चढतो. हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या प्रहरी अधिक येतात. मग गोळी रात्री दिल्यास अधिक संरक्षण मिळेल, असा तर्क होता. २०१९ मध्ये स्पेनमधील १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासाने रात्रीच्या गोळीमुळे हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण खूपच घटल्याचा दावा केला. त्याची बातमी जगभर पोहोचली आणि अनेक रुग्णांनी गोळीची वेळ बदलली. अभ्यासाच्या पद्धतीविषयी मात्र इतर संशोधकांनी शंका उपस्थित केल्या.

त्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनमधील 'टाइम' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील या चाचणीत २१,१०४ रुग्ण सहभागी होते. निम्म्यांनी गोळी सकाळी व निम्म्यांनी रात्री घेतली. पाच वर्षांहून अधिक काळाच्या पाहणीनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या कॅनडातील चाचणीचा निष्कर्षही तसाच होता.

शरीरात घड्याळ असते, ही गोष्ट या चाचण्यांनी खोटी ठरवलेली नाही. बहुतेकांसाठी रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घेणे हे तिच्या वेळेपेक्षा महत्त्वाचे आहे, एवढेच त्यांनी दाखवले. मात्र गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल, तर ते सहसा सकाळी दिले जाते. रात्री वारंवार उठून अंधारात स्नानगृहाकडे जाणारा वृद्ध घसरून पडला, तर कमरेचे हाड मोडण्याचा धोका असतो.

जेथे वेळ खरोखर महत्त्वाची ठरते

काही औषधांच्या बाबतीत वेळ पाळण्याला ठोस कारण आहे. कोलेस्टेरॉलची निर्मिती यकृतात मुख्यतः रात्री होते. त्यामुळे शरीरात थोडाच काळ टिकणारे सिम्व्हास्टॅटिन संध्याकाळी किंवा रात्री देतात. दीर्घकाळ टिकणारे अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन मात्र कोणत्याही ठरावीक वेळी चालते. शरीरातील कॉर्टिसोल सकाळी उच्चांकावर असते. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे म्हणून सकाळी दिली जातात; त्यामुळे झोप कमी बिघडते. आम्लाची निर्मिती रोखणारी ओमेप्राझोल वर्गातील औषधे न्याहारीपूर्वी सुमारे अर्धा तास घ्यायची असतात.

थायरॉइडच्या गोळीबाबत सर्वाधिक चुका होतात. थायरॉक्सिनला रिकामे पोट लागते. म्हणून ते सकाळी साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा ते एक तास काही न घेण्यास सांगितले जाते. दक्षिणेत आणि विशेषतः बंगळुरूमध्ये दिवसाची सुरुवात फिल्टर कॉफीने होते. गोळीपाठोपाठ घेतलेली कॉफी थायरॉक्सिनचे शोषण घटवू शकते. तपासणीत थायरॉइडचा आकडा वाढलेला दिसतो, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि खरे कारण पेल्यात राहून जाते. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्याही थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. त्यांच्यात सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे लागते. लोहाच्या गोळीसोबत चहा आणि टेट्रासायक्लिन वर्गातील जंतुनाशकांसोबत दूध टाळण्यामागेही शोषणाचेच कारण आहे.

जुनी परंपरा, नवी मोजमापे

औषधाची वेळ आणि वय यांचा विचार भारताला नवा नाही. मध्ययुगीन 'शार्ङ्गधरसंहिता' या आयुर्वेदीय ग्रंथात औषध घेण्याचे पाच काळ सांगितले आहेत: सूर्योदयाच्या वेळी, दिवसाच्या भोजनाबरोबर, सायंभोजनाबरोबर, पुन:पुन्हा आणि रात्री. बालकाची मात्रा वयानुसार वाढवत न्यावी आणि सत्तरीनंतर ती पुन्हा हळूहळू कमी करावी, असेही त्यात नमूद आहे. हे निरीक्षण अनुभवातून आले होते. आज रक्तातील औषधाची पातळी आणि मूत्रपिंडांची क्षमता मोजता येते, हा त्यातील फरक आहे.

या माहितीच्या आधारे रुग्णाने स्वतःहून गोळीची वेळ अथवा मात्रा बदलणे मात्र योग्य नाही. सर्व गोळ्यांची, आयुर्वेदिक व घरगुती औषधांसह, एकच यादी करून ती वर्षातून किमान एकदा डॉक्टरांना दाखवावी. प्रत्येक गोळी जेवणापूर्वी की नंतर, चुकली तर काय करावे आणि आता तिची गरज उरली आहे का, हे विचारून घ्यावे. साठीनंतर मूत्रपिंडांची क्षमता तपासून मात्रा ठरवली आहे का, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. दुसऱ्या शहरात मुक्काम हलवताना जुनी चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद सोबत असल्यास नव्या डॉक्टरांचे काम सोपे होते.

नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा तिची मात्रा बदलल्यावर काही दिवसांत झोपाळूपणा, गोंधळ, चक्कर किंवा पडणे सुरू झाले, तर त्याचा दोष लगेच वयाला न देता डॉक्टरांना कळवावे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते. त्यासाठी भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.